न्यूमोकोकस व प्रतिजैविक-प्रतिरोध : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
श्वसनमार्गाच्या जिवाणुजन्य विकारांत न्यूमोकोकसचे स्थान प्रमुख आहे. १८८१ मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर व अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी हा जिवाणू स्वतंत्रपणे वेगळा केला. औषधांना दाद न देण्याची त्याची प्रवृत्ती पेनिसिलिनच्या अतिवापरातून जन्मली, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र तिची मुळे त्याहून मागे नेतो.

पेनिसिलिनपूर्व काळ :
१९११ मध्ये जर्मनीत मॉर्गेनरोथ व लेव्ही यांनी क्विनीनपासून सिद्ध केलेले ऑप्टोचिन न्यूमोकोकसवर परिणामकारक असल्याचे दाखविले. पुढच्याच वर्षी प्रयोगातील उंदरांमध्ये प्रतिरोधक जिवाणू आढळले. १९१७ मध्ये मूर व चेस्नी यांना ते रुग्णांतही दिसून आले. दृष्टीस अपाय होत असल्याने हे औषध मागे पडले.

रूपांतरणाचा शोध :
१९२८ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी जिवंत पण निरुपद्रवी न्यूमोकोकस, उष्णतेने मारलेल्या रोगकारक न्यूमोकोकससह उंदरांना टोचले. उंदीर दगावले व त्यांच्या रक्तात जिवंत रोगकारक जिवाणू मिळाले. मृत जिवाणूंचा गुणधर्म जिवंतांनी आत्मसात केला होता. तो वाहून नेणारा पदार्थ डीएनए असल्याचे १९४४ मध्ये एव्हरी, मॅक्लिऑड व मॅकार्टी यांनी दाखविले.

पेनिसिलिनचे युग :
अपुऱ्या मात्रेमुळे जिवाणू प्रतिरोधक होतील, असा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियातून हॅन्समन व बुलेन यांनी पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या न्यूमोकोकसची नोंद केली. १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे प्रकार आढळले. स्टॅफिलोकोकसप्रमाणे हा जिवाणू पेनिसिलिनचे विघटन करीत नाही. पेशीभित्ती उभारणारी आपली प्रथिनेच तो अशी बदलतो की, पेनिसिलिन त्यांना नीट चिकटत नाही. त्यासाठी लागणारे जनुकांचे तुकडे तो तोंडा-घशातील सगोत्र, बहुधा निरुपद्रवी जिवाणूंकडून घेतो. ग्रिफिथ यांनी पाहिली ती हीच क्षमता होय.

निष्कर्ष :
विषाणुजन्य सर्दीसाठी घेतलेले प्रतिजैविक विषाणूवर निष्प्रभ ठरते. परंतु घशातील निरुपद्रवी जिवाणूंत प्रतिरोधक जनुकांची निवड मात्र घडवते. त्या साठ्यातूनच न्यूमोकोकस उसनवारी करतो. म्हणून केवळ नवे औषध हा पुरेसा उपाय नव्हे. अमेरिकेत २००० मध्ये व भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आलेली संयुग्मी लस रोगच टाळून औषधाची गरज कमी करते. तथापि ती शंभराहून अधिक प्रकारांपैकी मोजक्यांनाच आवर घालते. त्यामुळे प्रतिजैविकांचा संयमित वापर अनिवार्यच राहतो.