वाचकाला विचारायला शिकवणारी शाळा

मेल्विल ड्युई यांनी १८८७ मध्ये न्यू यॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथपालांची शाळा सुरू केली, तेव्हा तिथे मुख्यतः हातातलं काम शिकवलं जाई. तालिकीकरण, वर्गीकरण, एवढंच काय, कार्डावर एकसारखं सुवाच्य अक्षर काढणंसुद्धा. पुस्तक नीट जागेवर लागलं, की ग्रंथपाल तयार झाला. ते पुस्तक कोण नेतं, कोण नेत नाही आणि का, हे शोधायला मात्र कुणी शिकवत नव्हतं.

ग्रंथपालांच्या शिक्षणावरच्या चार्ल्स विल्यमसन यांच्या १९२३ च्या अहवालाने हातकामावरच्या या भरावर बोट ठेवलं. कारकुनी कौशल्य वेगळं आणि व्यावसायिक शिक्षण वेगळं, आणि हे शिक्षण विद्यापीठातच मिळायला हवं, असं त्यांनी बजावलं. कार्नेगी कॉर्पोरेशनच्या देणगीतून १९२६ मध्ये शिकागो विद्यापीठात पदव्युत्तर ग्रंथालय शाळा स्थापन झाली. या विषयात पीएच.डी. देणारी ही पहिलीच संस्था.

तिथले डग्लस वेपल्स मूळचे शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक. राल्फ टायलर यांच्यासोबत त्यांनी निरनिराळ्या व्यवसायांतल्या लोकांपुढे विषयांच्या याद्या ठेवल्या आणि कशाबद्दल वाचायला आवडेल, ते विचारलं. हा अभ्यास १९३१ मध्ये पुस्तकरूपाने आला. प्रश्नावली, नमुना निवड, सांख्यिकी ही ग्रंथपालांना अनोळखी असलेली अवजारं आता त्यांच्या अभ्यासक्रमात शिरली.

जुन्या मंडळींना हे रुचलं नाही. त्याच वर्षी सेमूर थॉम्पसन यांनी ग्रंथालयाचं शास्त्र मुळात हवंच कशाला, असा जाहीर सवाल केला. आकडेमोडीत ग्रंथप्रेम हरवेल, ही त्यांची धास्ती अगदीच निराधार नव्हती. मुद्रणाचे इतिहासकार पिअर्स बटलर त्याच शाळेत शिकवत. १९३३ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची तात्त्विक मांडणी केली, पण पुढे विज्ञानाच्या अतिरेकाबद्दल त्यांनीही सावध केलं.

तरीही या वादात शिकागोची बाजू जड वाटते, ती तिथल्याच विद्यार्थिनी एलायझा अ‍ॅटकिन्स ग्लीसन यांच्या प्रबंधामुळे. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना अनेक सार्वजनिक ग्रंथालयांची दारं बंद होती. हा अन्याय सर्वांना दिसत होता. पण तो कोणत्या कायद्याच्या आधारे, कोणाच्या पैशातून आणि कोणत्या कारभारातून चालतो, हे ग्लीसन यांनी पद्धतशीर तपासलं. १९४० मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. ग्रंथालयशास्त्रात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन. पुढच्याच वर्षी प्रबंध पुस्तकरूपाने छापला गेला. ग्रंथप्रेम ग्लीसन यांच्याकडेही होतंच. ते वाचनालयाच्या आत पाऊल ठेवू न दिलेल्या माणसापर्यंत पोहोचवायला त्यांना हीच पद्धत उपयोगी पडली.

वेपल्स यांचे सहकारी बर्नार्ड बेरेल्सन यांनी १९५२ मध्ये आशय-विश्लेषणावर पुस्तक लिहिलं आणि ते पुढे संज्ञापनाच्या अभ्यासकांनी डोक्यावर घेतलं. शिकागोची शाळा ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बंद करण्यात आली. ग्लीसन मात्र १९४१ मध्येच अटलांटा विद्यापीठाच्या नव्या ग्रंथालय शाळेच्या पहिल्या डीन झाल्या होत्या, आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय ग्रंथपालांच्या पिढ्या त्या शाळेत घडल्या.