ई-फेरफार प्रणालीतील अधिकारविभागणी : हडपसरच्या संदर्भात

एकाच संगणक प्रणालीत वापरकर्त्यांना निरनिराळ्या अधिकारांची खाती देण्याची पद्धत आधुनिक मानली जाते. महाराष्ट्राच्या महसूल प्रशासनात मात्र तिचे तत्त्व संगणकापूर्वीचे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० अन्वये तलाठ्याने फेरफाराची नोंद घ्यावी, हितसंबंधितांना सूचना द्यावी व वरिष्ठ अधिकाऱ्याने ती नोंद तपासून प्रमाणित करावी, अशी तरतूद करण्यात आली. लिहिणारा आणि मंजुरी देणारा एकच नसावा, हा तिचा गाभा होय.

ई-फेरफार प्रणालीने हीच विभागणी संगणकावर आणली. तलाठ्याच्या खात्यातून नोंद, तर मंडळ अधिकाऱ्याच्या खात्यातून प्रमाणीकरण होऊ लागले. महाभूलेखवर नागरिकास सातबारा केवळ पाहता येऊ लागला.

पुण्याच्या पूर्वेकडील हडपसरमध्ये या विभागणीचे महत्त्व विशेष जाणवते. तेथील सुमारे ४०० एकर शेतजमिनीवर मगरपट्टा सिटी उभी राहिली. जमिनीचे मोल वाढले, तसे एका चुकीच्या नोंदीचे परिणामही गंभीर झाले. अशा ठिकाणी परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हाती गेल्यास खाती दोन राहूनही हात एकच उरतो व कायद्याने घालून दिलेली तपासणी नाममात्र ठरते. सारांश, खात्यांची विभागणी ही केवळ तांत्रिक सोय नसून खातेदाराच्या हक्काचे संरक्षण आहे.