रमेदीचे देऊळ

वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांच्या घाटावर एक भली थोरली घंटा टांगलेली आहे. बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आणि १७०७ हे साल तिच्या अंगावर दिसते. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिकडच्या ख्रिस्ती देवळांतून आलेल्या घंटांपैकी ही एक. शाळेची सहल नेली की हा पराक्रम मी मोठ्या आवेशाने सांगत असे. एका वर्षी एका मुलीने विचारले, "गुरुजी, ज्यांची घंटा गेली, त्यांनी मग काय केलं?"

मी निरुत्तर झालो, आणि दिवाळीच्या सुटीत वसई गाठली.

किल्ल्यातल्या बहुतेक चर्चांवर आता छपरे नाहीत. पण किल्ल्याबाहेर थोड्याच अंतरावर रमेदीचे चर्च नांदते आहे. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली; पुढे १५५७ च्या सुमारास डॉमिनिकन पंथाच्या धर्मगुरूंनी हे चर्च स्थापिले. नाव ठेवले 'नोसा सेन्योरा दुस रेमेदियुस', म्हणजे दुखण्याखुपण्यावर उपाय करणारी माता. एवढे नाव गावकऱ्यांच्या तोंडी कुठले बसायला! त्याचे झाले 'रमेदी', आणि वस्तीचेही तेच नाव पडले. चर्चला तर इथली माणसे सरळ देऊळच म्हणतात.

पोर्तुगीज अमलात हिंदूंची मंदिरे पडली, हे खोटे नाही. पण तो हिशेब केळी आणि पानवेली पिकवणाऱ्या इथल्या कुणब्याच्या माथी कसा मारावा? मराठ्यांनीही तो मारला नाही. मागे राहणाऱ्यांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक शरणागतीच्या अटींत होती. गोरे पाद्री गलबतांतून निघून गेले. गोव्याकडचे देशी धर्मगुरू आले. शेतकरी मात्र वाडी सोडून हलला नाही, की त्याने आपली बोली सोडली नाही.

देवळातली मुख्य उपासना पुढेही लॅटिनमध्येच चाले. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत होऊ लागली. घरातली भाषा वेदीपाशी पोहोचली. २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो.

मी पोहोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती. भोवती शहर वाढलेले, रस्त्यावर मोटारींचा गलका. तेवढ्यात देवळाची घंटा झाली. एक म्हातारी चालता चालता थांबली, कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटे लावून तिने क्रूसाची खूण केली आणि भाजीची पिशवी सावरीत पुढे गेली.

मेणवलीच्या घाटावर आजही मी चिमाजीअप्पांची गोष्ट त्याच अभिमानाने सांगतो. फक्त ती आता वसईच्या तटाशी संपवीत नाही; मुलांना रमेदीच्या देवळापर्यंत घेऊन जातो.