पोथी ‘पूर्ण’ कधी म्हणावी?

अंबाजोगाई परिसरातील घरोघरच्या पोथ्यांची नोंद मी काही वर्षे करतो आहे. तक्त्यात एक रकाना असतो : पूर्ण की अपूर्ण. आमच्या आजोबांच्या हातची पोथी नोंदवताना लेखणी तिथेच अडली. शेवटच्या पानावर ‘संपूर्ण’ असे ठसठशीत लिहिलेले. पण 41व्या पानानंतर एकदम 45वे.

‘पूर्ण’ हा शब्द संस्कृत ‘पॄ’, म्हणजे भरणे, या धातूपासून आला. मूळ अर्थ भरलेले. पोळीतले ‘पुरण’ही त्याच कुळातले. ‘समाप्त’मध्ये मात्र ‘आप्’ धातू आहे. त्याचा अर्थ मिळवणे, पोचणे. एक शब्द भांड्याचा, दुसरा वाटेचा. इंग्रजी ‘कम्प्लीट’ लॅटिनमधल्या ‘भरणे’ या क्रियापदातूनच आला आणि ‘पूर्ण’शी त्याचे नाते दूरचे पण सख्खे आहे. दोन्ही शब्दांनी पुढे ‘सगळे’ आणि ‘संपलेले’ असे दोन्ही अर्थ पत्करले. घोटाळा तिथून सुरू होतो.

आमच्या बीड जिल्ह्यात हा फरक समजवायला कोशाची गरज नाही. ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून आधी उचल घेते. पट्टा पडतो, कारखाना बंद होतो, हंगाम पूर्ण होतो. पण तोडलेल्या उसाची मजुरी उचलीला पुरली नाही, तर बाकी पुढच्या सालावर चढते. काम संपले, हिशेब भरला नाही.

अंबाजोगाईलाच दासोपंतांची (1551–1615) पासोडी आहे. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिले. अखंड कापडातून मधलेच पान निसटत नाही. सुट्या पानांच्या पोथीला ते भाग्य नाही. तिचा शेवट शाबूत राहतो आणि पोट रिकामे होते.

आजोबांनी ‘संपूर्ण’ लिहिले ते खोटे नव्हते. त्यांच्यापुरते लेखन तडीस गेले होते. मी मात्र रकान्यात लिहिले : ‘समाप्तीसह, अपूर्ण. पाने 42 ते 44 नाहीत.’ घरच्यांना वाईट वाटले. पण ‘पूर्ण’ लिहिले असते, तर ती तीन पाने कुणी शोधलीच नसती. आता भाऊबंदांच्या माळ्यांवरची बोचकी सोडायला सुरुवात झाली आहे.