तळटीप : विवेकाचे वय

१. येथे उल्लेखिलेले सातवे वर्ष पोप दहावे पायस यांच्या ८ ऑगस्ट १९१०च्या फर्मानातले. बरेवाईट कळू लागलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा पापनिवेदन करावे, असा दंडक लॅटरनच्या चौथ्या धर्मपरिषदेने १२१५ साली घातला खरा. परंतु ते कळण्याचे वय मोघमच राहिल्याने पहिले कम्युनियन दहाव्या, बाराव्या, क्वचित चौदाव्या वर्षापर्यंत तहकूब ठेवण्याची वहिवाट अनेक ठिकाणी पडली. पायस यांनी संपूर्ण धर्मज्ञानाची सक्ती काढून, वेदीवरची भाकर व रोजची भाकर यांतील भेद मुलाला उमजणे महत्त्वाचे मानले. भावंडाचे खेळणे लपवून आईशी खोटे बोललेले पोर पश्चात्तापाने रडते की छडीच्या धाकाने, हे अर्थात कोणतेही फर्मान सांगू शकत नाही. म्हणूनच की काय, ‘सुमारे’ सात एवढेच म्हणून अखेरचा निर्णय बाप व पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू यांच्यावर सोपवला आहे. — संपा.