आखाड्याची रीत

वाशीमचा वेगळा जिल्हा १९९८ साली झाला. ही त्याआधीची, अकोला जिल्ह्यात असतानाची गोष्ट. जोडी फिरवून मी ती वाटेतच टाकली. पहाटेच्या अंधारात धाकटा भाऊ अडखळला; मनगट मोडले. वस्तादांनी माझ्या हाती कुदळ दिली : "आठ दिवस हौद्याची माती उकर. कुणाच्या अंगाला खडा लागता कामा नये."

मी उकरीत असे, ते जुन्या हकिकती सांगत. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी काढलेल्या हनुमान आखाड्याची मंडळी १९३६ साली बर्लिनला देशी खेळ दाखवून आली! पण रीत जुनीच : चपला बाहेर, मारुतीला नमस्कार, जोडी जागेवर.

आज घरातली डंबेल्स उचलून ठेवताना ते मनगट आठवते. अंग आपले असले, तरी आखाडा सगळ्यांचा.