पाव तोळ्याच्या पाखराच्या पायात कडी

मैत्रिणींनो, जास्वंदीवर भिरभिरणाऱ्या शिंजिराला आपल्यातल्या कितीतरी जणी हमिंगबर्ड म्हणतात. तो हमिंगबर्ड नव्हे. खरा हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडात. पाव तोळा सोनं तळहातावर घ्या, साधारण तेवढंच त्याचं वजन. तरी तो हजारो किलोमीटरची ये-जा करतो. हे कळलं कसं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

पक्ष्याच्या पायात नंबराची कडी घालायची पद्धत १८९९ साली डेन्मार्कमधल्या मॉर्टेन्सन गुरुजींनी बसवली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनंही पुढे पुष्कळ पक्ष्यांना अशा कड्या घातल्या. पण हमिंगबर्डचा पाय म्हणजे जाडसा दोराच! त्यात कडी घालायची कशी?

अमेरिकेच्या दक्षिणेला लुईझियाना राज्यात लोक अंगणात साखरपाण्याची बाटली टांगतात. तिथं ऐन थंडीत तांबूस रंगाचा रूफस हमिंगबर्ड दिसायचा. हा अंडी घालतो दूर वायव्येला, थेट अलास्कापर्यंत, आणि थंडीत जातो मेक्सिकोला. मग इथं कसा? वाट चुकला असेल, असं म्हणायचे. बाटली वेळेवर उतरवली नाही म्हणून पाखरू अडकलं, असाही समज होता. म्हणजे खाऊ घालणारीच दोषी!

न्यू ऑर्लिन्सजवळ राहणाऱ्या नॅन्सी न्यूफिल्ड यांनी १९७९ पासून या पाखरांना कड्या घालायला सुरुवात केली. बाटली पिंजऱ्यात ठेवायची, पाखरू आत शिरलं की दार पाडायचं. पातळ ॲल्युमिनियमची कडी पायाभोवती हलकेच वळवायची. मादी नरापेक्षा मोठी असते, म्हणून तिची कडीही जरा मोठी लागते. मग नळीनं फुंकर मारून पिसं बाजूला करायची आणि कातडीखाली चरबी किती साठली ते बघायचं. लांबच्या प्रवासाची शिदोरी तीच. काही मिनिटांत पाखरू मोकळं.

पुढच्या हिवाळ्यात त्याच नंबराची काही पाखरं त्याच अंगणात परत आली. वाट चुकलेलं पाखरू वर्षभरानं नेमकं तेच घर कसं शोधेल?

१३ जानेवारी २०१० ला फ्लोरिडातल्या टॅलाहासीत एका रूफसला कडी घातली. २८ जूनला तोच पक्षी अलास्कातल्या चेनेगा बे इथं सापडला. सरळ रेषेत साडेपाच हजार किलोमीटरांहून जास्त!

आता त्या भागात थंडीतही बाटल्या टांगलेल्या असतात. कुणाच्या परसात तांबूस पाखरू आलं, की घरचं माणूस फोन करतं आणि कडीवाले पिंजरा घेऊन येतात.